जुन्या पेटीची अडकलेली ओळ

हे मी बोलून राहिली नि सून टाइप करून राहिली. मी चवथीपर्यंत शिकली, तेही विसरली. मराठी वाचता येतं थोडं, हिंदी पाट्या वाचते, इंग्रजीचा फक्त आकार दिसतो.

गढा मोहल्ल्यात आमच्या घरी मागच्या खोलीत टेबलावर एक पेटी आहे. मसाल्याच्या डब्याएवढी, लोखंडाची. अशा पेट्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागतात, आतल्या थंडीचा आकडा घेतात. मटरच्या दिवसांत पेटी बंद पडली नि कोणाच्या ध्यानात नाही आलं, तर पोतीच्या पोती सडतात. माझ्या पोरानं या पेट्यांचं काम केलं, याच खोलीत बसून. मग तो गेला. राइट टाउनकडून येताना स्कूटरवरून पडला. तीन दिवस नळी घालून ठेवला होता, बोलला नाही. सुनेलाही ते काम येत होतं, दोघं एकाच कॉलेजातले, तर कंपनीनं काम तिला दिलं. ती माहेरी नागपूरला गेली नाही. मी तिला जा म्हटलं नाही, राहाही म्हटलं नाही. सकाळी उठून दोन कप चहा ठेवला.

पेट्या दोन तऱ्हेच्या. पेटीच्या पोटात सगळ्यात खाली एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. नव्या पेट्यांत नवं, जुन्यांत जुनं. जुनं बदलता येत नाही, तेवढी जागाच नाही तिच्यात. आता पेटी आत काय करून राहिली, हे ती ओळी लिहून सांगते, त्यावरून बिघाड सापडतो. ओळी लिहायचे नव्या कर्नेलात तयार हुकूम आहेत, जुन्याला ते माहीत नाहीत. म्हणून एक वेगळी फाइल आहे. कर्नेल जुनं असलं तर या हुकुमाचा अर्थ असा घे, असं तिच्यात लिहून ठेवायचं. मग बाकीचं लिखाण दोन्ही पेट्यांना एकच चालतं. हे मला सुनेनं सांगितलं तेव्हा अवघड नाही वाटलं. पुण्याचे पाहुणे आले की मी त्यांच्याशी मराठी बोलते, शेजारणीशी हिंदी. दोन्ही बोलींत मागायचं मीठच असते.

ती फाइल पोरानं सुरू केली होती. सून सांभाळत होती.

मागच्या थंडीत जुन्या पेट्या बंद पडायला लागल्या. आज इथली, परवा तिथली. पुण्याहून सुनेच्या मोठ्या साहेबाचा फोन आला. फोन ती टेबलावर ठेवून बोलते, म्हणून मला ऐकू आलं.

"देखिए, पुराना सपोर्ट बंद ही कर देते हैं. कितना खींचेंगे? आप पुणे आ जाइए, नया काम सब यहीं बैठकर होता है."

"सर, एक हफ्ता दीजिए."

"शुक्रवार तक."

जुन्या पेटीचं काम होतं म्हणून ती घरी बसून करत होती. ते संपलं की ती पुण्याला जाणार नि मी इथं. हे आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही. त्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, तिनं दोन पोळ्या खाल्ल्या.

पेटीला एक बटण आहे. दाबलं की ती बाहेर काढलेल्या तारेच्या टोकानं एकदा थंडीचा आकडा घेते नि जोडलेल्या पडद्यावर एक ओळ लिहिते. बंद पडायला कधी तीसदा दाबावं लागे, कधी दोनशेदा. सुनेला लॅपटॉपवर काम, बटण दाबत कोण बसणार. मी बसली.

मी बत्तीस वर्षं बिड्या वळल्या. माझे मालक फॅक्टरीत रोजंदारीवर, कच्चे कामगार होते, पोरगं दोन वर्षांचं असताना गेले, मागं काही मिळालं नाही. पंचवीस बिड्यांचा कट्टा. सट्टेदार, म्हणजे पानं-तंबाखू देऊन बिड्या नेणारा माणूस, एक कमी निघाली तर अख्खा कट्टा बाजूला फेकायचा. तर माझी मोजणी चुकत नाही. हात आपोआप मोजतो, तोंडानं मी शेजारणीशी बोलत असते.

इथं मी दोन वाट्या घेतल्या नि सुके वाटाणे. बटण दाबलं की डावीकडे एक वाटाणा, ओळ आली की उजवीकडे एक. पेटी थिजली की दोन्ही वाट्या मोजायच्या. पहिल्या दिवशी डावीकडे एक जास्त. दुसऱ्या दिवशीही एक जास्त.

सुनेला सांगितलं.

"आई, एखादा दाणा चुकून पडला असेल."

"नाही पडला."

"शेवटचं बटण दाबलं नि पेटी बंद झाली, मग त्याची ओळ कशी येईल? तेवढा फरक राहणारच."

"बंद पडल्यावर नाही म्हणून राहिली. चालू असतानाही एक जास्तच असते."

तिनं डोळे चोळले. "तुम्ही थोडं पडा आता. मी पाहते."

"तू इथं बस," मी म्हटलं. "दाब."

तिनं दाबलं. मी डावीकडे वाटाणा टाकला. पडद्यावर ओळ आली, मी उजवीकडे टाकला.

"आली ना ओळ?"

"ही मागची आहे. आता हात काढून घे. चहा होईस्तोवर दाबू नको."

मी चहा ठेवला, उकळला, गाळला. पडद्यावर काही नवं आलं नाही. मग तिला म्हटलं, या तारेच्या टोकाला गरम कप लाव नि दाब. तिनं लावला, दाबलं. आलेल्या ओळीत थंडीचाच आकडा. कप बाजूला केला, पुन्हा दाबलं. तेव्हा गरम आकडा आला.

"एक मागं बोलून राहिली," मी म्हटलं.

सुनेनं दोन्ही वाट्या जवळ ओढून पाहिल्या. मग म्हणाली, "कट्टा फेकू नका माझा."

"फेकत नाही. चहा घे."

चूक त्या फाइलीतच होती, नि सुनेचीच. हे तिनं इथं न गाळता टाइप केलं. नवे हुकूम ओळ संपल्याची खूण स्वतःच लावतात. त्या थंडीच्या आधीच्या पावसाळ्यात तिनं जुन्यासाठी त्यांचे जोडीदार लिहिले, त्यांत ती खूण राहून गेली. म्हणून जुनी पेटी प्रत्येक ओळ धरून ठेवायची नि पुढची आली की मागची सोडायची. पेटी मरताना शेवटची ओळ पोटातच राहायची. सगळे तिच्या आधीची ओळ वाचून बिघाड भलतीकडे शोधत होते.

तिनं खूण लावली. मी पुन्हा बटण दाबत बसली. एकशे बारा वाटाण्यांवर पेटी थिजली. दोन्ही वाट्या बरोबर. सून पडद्याजवळ गेली नि ओळ दोनदा वाचली.

"काय लिहिलं?"

"मराठीच आहे, इंग्रजी अक्षरांत. 'सेन्सर गप्प आहे, वाट पाहून राहिलो.'" मग म्हणाली, "हे यांनी लिहिलेलं आहे. मी म्हटलं होतं, इंग्रजीत लिहा. तर म्हणे, कोण वाचते."

"हाव," मी म्हटलं. "असाच बोलायचा."

वाटाणे डब्यात भरले. सेन्सर म्हणजे ती तार उत्तर देत नव्हती नि पेटी तिची वाट पाहत बसायची, असा तो बिघाड निघाला. सुनेनं वाट पाहायची हद्द ठरवून दिली. गुरुवारी तिनं ते पाठवलं.

साहेबाचा फोन शनिवारी आला. जुनं काम सुरू राहील म्हणे, आप वहीं से कीजिए.

"कितीक दिवस?" मी विचारलं.

"शेवटची जुनी पेटी कुठंतरी चालू आहे तोवर."

"अच्छा," मी म्हटलं.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही. वांगी संपली होती, मी ओमतीच्या बाजारापर्यंत ऑटोनं जाऊन सामान नि भाजी घेऊन आली.

परवा एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं जुनी काढून नवी पेटी घेतली. सून मला सांगत नाही, फोनवर ऐकू येते. वाट पाहायच्या त्या ओळीचं तिनं इंग्रजी केलं नाही, तशीच ठेवली.

रोज सकाळी मी मागच्या खोलीत जाऊन बटण एकदा दाबते. ओळ लगेच येते. मग गॅस पेटवते, दोन कप पाणी ठेवते.