बिघडलं त बिघडू द्या जी

“बिघडलं त बिघडू द्या जी!” गाताना सूर चुकला की आमच्या बाजारातले ते गिटारवाले मोठ्यांदा म्हणायचे, आणि पुढच्या ओळीत तोच चुकीचा सूर मुद्दाम लावायचे. तिसऱ्या खेपेला तो आपल्यालाही बरोबर वाटायला लागायचा. मी शाळेत संगीत शिकवतो, विशारद आहे. आयुष्यभर पोरांना ‘चुकू नका’ सांगत आलो. मला हा माणूस सहन होत नसे.

तुमसरच्या बाजारात गेला असाल तर त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. भिंतीवर पंख्यांच्या पात्यांशेजारी गिटार टांगलेली. तरुणपणी ते नागपूरच्या एका हॉटेलात वाजवायचे. तिथल्या म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याकडून जॅझ शिकले. रॉक आणि पॉप रेडिओवरून उचललं. वडील आजारी पडले म्हणून गावी आले, ते कायमचेच. मग हे सगळं एकत्र कालवून आपल्या झाडीबोलीत गाणी बांधू लागले. भाताचा रोवणा म्हणजे रोपांची लावणी करणाऱ्या बायांवर त्यांचं एक गाणं होतं. चिखलातून पाय उपसावा तसा त्याचा ताल रेंगाळायचा, आणि मग गिटार अशी उसळायची की राइस मिलचे हमाल पोतं उतरवून ऐकत उभे राहायचे.

गाणी मीही रचली आहेत. शुद्ध रागातली. एकदा बायको तांदूळ निवडताना गुणगुणत होती. मला वाटलं, माझं. कान दिला तर त्यांचं!

“माही गाणी काहून नाही म्हणत तू?”

“भेव लागते जी. चुकली त तुमी रागावता.”

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे लाखनीच्या एका कार्यक्रमाची मंडळी त्यांच्याबद्दल विचारायला माझ्याकडे आली. “गळा गेला त्यांचा आता,” मी सांगून टाकलं. साफ खोटं. त्यांच्याऐवजी मला बोलावणं आलं.

ते पहिल्या रांगेत बसले होते. मी नेटकं गायलो. टाळ्या बेताच्याच पडल्या. नंतर ते स्टेजमागे आले आणि त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, कळलं यांना.

“सर, एक सांगू? लय वर्षांपासून जळून राहिलो तुमच्यावर. असा गळा मले भेटला असता त...” आणि हसले. “काही औषध घेता का जी?”

“मधाचं पाणी,” मी म्हणालो. तोंडाशी आलं होतं ते वेगळंच.

ते सांगायचं राहिलं. यंदा ते गेले.

शोकसभेत कुणीतरी म्हणालं, “सर, त्यायचं एखादं गाणं तुमीच म्हणा.” गाणी त्यांनी कधी लिहून ठेवली नव्हती, कागद कुणाकडेच नव्हता. मी उभा राहिलो. एक गाणं म्हटलं. मग दुसरं. मग तिसरं. शब्द, थांबे, ते श्वास घेत त्या जागासुद्धा.

बायको माझ्याकडे बघतच राहिली. घरात मी त्यांची गाणी कधी ओठांवर येऊ दिली नव्हती.