न बोलता चालणारा हब

दोन वर्षं मी नळ बारीक सोडूनच अंघोळ केली. बादलीत पाणी जोरात पडलं की यांची हाक ऐकू येत नसे. यांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. हाक म्हणजे तरी काय, घशातून नुसता एक ‘अं’ निघायचा. म्हणून न्हाणीचं दार बोटभर उघडं ठेवायचं, नळाची धार सुतळीएवढी सोडायची आणि दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर यायचं. एकदा केस धुवायला बसले आणि हाक कानावर आलीच नाही. पाणी घ्यायला हे एकटेच वळले आणि खाटेवरून खाली पडले. लागलं फार नाही. पण त्यानंतर केस धुवायचे ते मुलाच्या सुट्टीच्या दिवशीच.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

मुलगा सचिन नावाच्या गावी एका कारखान्यात कामाला आहे. सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. आबांना, म्हणजे यांना, पडल्यापडल्या लाइट-पंखा लावता येईल असा हब घेऊ, हे त्यानेच काढलं. हब म्हणजे काय, मी विचारलं.

“माय, खात्यात मुकादम असतो ना, तसा. स्वतः काही करत नाही, बाकीच्यांना कामाला लावतो.”

हे हसले. यांची उमर उधन्याच्या लूमखात्यात, मागावर कापड विणण्यात गेली. मुकादम यांनी पुष्कळ पाहिले.

सुट्टीच्या दिवशी रिक्षात यांना मधे बसवून आम्ही पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पुढे ठेवला तो गोल, कापड मढवल्यासारखा, बोलणारा हब. “मासी, इसको सिर्फ बोलने का,” असं म्हणून तो हबशी बोलला आणि दुकानातला दिवा लागला. मुलगा बोलला, पंखा फिरला. मुलाचा चेहरा असा खुलला की आता हाच घरी येणार, हे मला कळलं.

“बोलो ने काका,” दुकानदार यांना म्हणाला. “शरमाना नहीं.”

हे खुर्चीत सरळ झाले. सगळा जोर लावून म्हणाले, “लाइट.” मला स्वच्छ ऐकू आलं. हब म्हणाला, “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा यांनी तोंडच उघडलं नाही.

“सवय होईल आबा,” मुलगा म्हणाला. “रोज थोडं थोडं बोलत जा.”

यांनी खाली पाहिलं आणि डावा तळहात आडवा धरून हळूच खाली नेला. तो हात मला ओळखीचा होता. लूमखात्यात एवढा आवाज असतो की कोणी कोणाशी बोलतच नाही, सगळं हातांनी चालतं. मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा हे लांबूनच बोट गोल फिरवायचे, म्हणजे लूम चालू आहे, थांब. आणि हात असा खाली नेला की लूम बंद.

मला दुकानात बोलायची सवय नाही. बांगड्या घेतानासुद्धा मी नुसतं बोट दाखवते. पण तो हात पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “न बोलता चालणारा नाही का?”

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. दुकानदार म्हणाला, “मासी, आजकल सब बोलनेवाला ही माँगते हैं.” तरी खाली वाकून त्याने एक पांढरा हब काढला. साबणाच्या डबीसारखा, नाक-डोळा काही नाही. त्याच्या जोडीला पेढ्याएवढं एक बटण. एकदा दाबलं की लाइट, दोनदा दाबलं की पंखा, आणि दाबून धरलं की आतल्या खोलीतला छोटा स्पीकर आपण लिहून ठेवू ते बोलणार. इंटरनेट गेलं तरी लाइट-पंखा थांबणार नाही. यांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मग उगाच चारपाच वेळा दाबलं.

“पण दिसायला तो पहिला छान होता,” मुलगा म्हणाला.

“भाई, काका को चलाने का है कि शोकेस में रखने का है?” दुकानदार म्हणाला.

एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून मी आणखी विचारलं, “नळ चालू असला तरी स्पीकर ऐकू येईल?”

“कुठला नळ, माय?”

“भांड्यांचा,” मी म्हणाले आणि पदर नीट केला.

दुकानदाराने स्पीकरचा आवाज एवढा चढवला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, स्पीकरने काय बोलायचं? स्पीकरला हिंदीच बोलता येत होतं. हे काहीतरी म्हणाले. मुलाला कळलं नाही, मला कळलं. “धागा टूटा.” खात्यात ओडिशाचे, युपीचे, आपले खानदेशचे, सगळ्यांची मिळून भाषा हिंदी. धागा तुटला की माणूस हातातलं टाकून लूमकडे धावतो. मुलाने तसंच लिहिलं.

मग तो भांडी घासायच्या जागेवर स्पीकर लावायला निघाला. यांनी ‘अं’ केलं आणि डाव्या हाताने न्हाणीचं दार दाखवलं.

“तिथे कशाला आबा? माय तर भांड्यांचं म्हणत होती.”

यांनी पुन्हा तिकडेच बोट केलं आणि मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, केस धुतात तसा. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पीठ चाळायला घेतलं. स्पीकर न्हाणीच्या दाराशी लागला.  आजवर मला वाटत होतं, नळाची ती बारीक धार फक्त मलाच माहीत आहे.

काल मुलगा कामावर गेल्यावर मी न्हाणीची कडी आतून लावली आणि नळ पूर्ण सोडला. आधी थोडी भीती वाटली. केसांना पुरता फेस झाला आणि बाहेरून आवाज आला, “धागा टूटा. धागा टूटा.” मी तशीच लुगडं गुंडाळून धावले.

“काय व्हयनं?”

हे आरामात पडले होते. लाइट लागलेली, पंखा फिरत होता. यांनी डावं बोट वर केलं आणि गोल फिरवलं. लूम चालू आहे. ऐकू येतं का, एवढंच यांना बघायचं होतं.

“मन्हा केसस्मा साबन शे, आनि तुम्हले मस्करी सुची ऱ्हायनी,” मी म्हणाले. यांचा अर्धा चेहरा हसला.

मी परत आत गेले आणि कडी लावली. घाईत नळ चालूच राहिला होता, बादली भरून वाहत होती. मी तो बारीक केला नाही.