बाईंचे सांगोल्याचे रविवार

कुठल्याही झाडापाशी पोचलं की बाई आधी पानांकडे बघत नसत. चपला काढून बुंध्याशी उकिडव्या बसायच्या, तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायच्या आणि तशाच बसून राहायच्या. आम्ही उन्हात उभे. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "थांबा हो. मुळाला काय म्हणायचंय ते आधी ऐकू." ढेकूळ इतकं कडक असायचं की बोट शिरत नसे. त्यासाठी त्यांच्या पिशवीत एक जाड खिळा असायचा.

बाई आमच्या सोलापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, मी तिथेच कारकून. त्यांच्या घरची भाषा कानडी. दमल्या की तोंडात कानडी यायचं. बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या आवारातली झाडं एकेक करून वाळली. त्यातली बरीच बाईंनी मुलींच्या हातून लावून घेतलेली. आता पुन्हा लावायची तर पाण्यावाचून तगणारीच, असं त्यांनी ठरवलं, आणि तशा बागा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या म्हणून रविवारी एसटीने निघायचा आमचा गट झाला. बाई, मी, दोन मास्तर आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. गार्डना घरी करमत नसे, एवढंच.

बागा शोधायची बाईंची रीत साधी होती. मंगळवारच्या बाजारात भाजी थोडी घ्यायची आणि चौकशी फार करायची. धनगर असो, कंडक्टर असो, प्रश्न एकच: "तुमच्याकडं हिरवं काय उरलंय?" लोक उत्साहाने सांगत. आम्ही जाऊन बघावं तर बहुतेक वेळा काटक्या. तरी वैरागजवळ बोरी सापडल्या, एका दर्ग्यामागे सीताफळं सापडली. बाई वहीत लिहून घेत. परतताना घसा कोरडा आणि खिडकीतून दिसणारी जमीन तशीच. तुम्ही ते दिवस पाहिले असतील तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

असंच कुणीतरी सांगोल्याकडच्या तीन डाळिंबांचं सांगितलं. फाट्यावर उतरून दोन मैल चालत गेलो. माळावर एक झोपडं, त्यात एक म्हातारी. मुलगा आणि सून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. झोपड्यामागे तीन झाडं खरोखरच हिरवी होती. म्हातारीने आम्हाला सावलीत बसवलं, तांब्याने पाणी दिलं. आम्ही प्यायलो. गार्ड तर दोन तांबे प्यायले.

बाई झाडापाशी बसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचं बोट सहज आत गेलं. त्यांनी म्हातारीला विचारलं, ही ओल कुठली?

ती म्हणाली, टँकर येतो, माणशी एक घागर मिळते. भांड्याचं, अंघोळीचं पाणी झाडांना.

"आणि आज?"

"आज तुमी प्यालासा की."

तिने हे अगदी सहज सांगितलं, रागाचा लवलेश नव्हता. बाईंनी वही मिटली. फाट्यावर एसटीची वाट बघताना एवढंच म्हणाल्या, "ती झाडं तगलेली नाहीत. तगवलेली आहेत."

पुढच्या रविवारी त्या पाच-पाच लिटरचे तेलाचे दोन डबे पाण्याने भरून स्टँडवर आल्या. सोलापुरातही तेव्हा नळ दिवसाआड, तोही थोडा वेळ. एकट्या राहायच्या, स्वतःच्या वाट्यातलं साठवलं होतं. मास्तर दोन रविवारांत गळाले, मग गार्डही. मी जात राहिलो, पण खरं सांगतो, मनापासून नाही. डब्याच्या कडीने बोटं कापत. दहा लिटर पाण्याने काय होणार, असं मनात येई आणि मी ते बोलत नसे. बाईंचा गुडघा सुजायचा. मध्येच थांबून त्या "साकायतु" म्हणायच्या, म्हणजे पुरे झालं, आणि पुन्हा डबा उचलायच्या.

वैशाखात टँकरची खेप कमी झाली. त्या रविवारी म्हातारीने आम्हाला बसवलं आणि म्हणाली, "बाई, तिनी जगवायला गेलं तर येकबी जगायचं न्हाय. येक ठिवू. कुटलं ठिवू, तुमी सांगा."

बाई तिन्ही झाडांपाशी बसल्या. माती पाहिली, खोड चाचपलं, फांदी नखाने खरवडून बघितली. असा तास गेला. मलाही कळत होतं, कडेचं झाड सगळ्यांत जोमदार होतं. शास्त्राच्या बाईही तेच सांगणार, याची मला खात्री होती. त्यांनी झोपड्याला लागून असलेल्या झाडावर हात ठेवला. ते तिघांत रोडकं.

मी हळूच म्हटलं, कडेचं चांगलं आहे.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण घागर घेऊन तिथवर चालायचं कुणी? त्यांचे पाय बघितलेत?"

म्हातारीने मान हलवली. बाईंनी आणलेलं सगळं पाणी त्या एका झाडाला घातलं. मग त्या उरलेल्या दोन झाडांपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही.

ते झाड पावसाळ्यापर्यंत टिकलं. उरलेली दोन वाळली. बाईंनी वहीत यातलं काहीच लिहिलं नाही. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन विजापूरला भावाकडे गेल्या. दोन पत्रं आली, तिसरं आलं ते भावाच्या हाताचं. शाळेच्या आवारात आज सीताफळं आहेत, पण ती कुणी शोधून आणली हे विचारणारं आता तिथे कुणी नाही.

मला मात्र त्या निवडीच्या दिवशीची परतीची एसटी आठवते. बाई खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. सोलापूरचं स्टँड आलं, गाडी रिकामी झाली. मी उठवणार, तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गाडी आता तासभर हितंच हाय."

तो खाली उतरला. मी समोरच्या बाकावर बसून राहिलो.