पालिशअप्पा आणि कॅनभर पाणी

मेव्हण्याची काळी मोटारसायकल मी माया करून करून खराब केली. नोकरीसाठी पुण्याला जाताना तो गाडी आमच्या दारात ठेवून गेला आणि म्हणाला, "दाजी, रोज पुसत जावा." त्या वर्षी उदगिरात प्यायला पाणी नव्हतं, तिथे गाडीला कुठलं? मी जुन्या बनियनने कोरडीच पुसायचो. सकाळ-संध्याकाळ, गोल गोल, अगदी भक्तिभावाने. चार महिन्यांनी एकदा उन्हात टाकी पाहिली, तर तिच्यावर बारीक गोल रेघांची जाळी, जणू कोळ्यांनी संमेलन भरवलेलं. येत्या सोमवारी मेव्हणा गावी येणार होता. मी गाडी थेट पालिशअप्पाकडे नेली.

अप्पाने मान वाकडी करून टाकी न्याहाळली. "कुणी केलं हे, गुर्जी?"

"उन्हानं झालं असेल," मी म्हणालो.

"ऊन असं गोल गोल फिरून पुसत न्हाई." एवढं बोलून त्याने माझ्या हातातल्या बनियनकडे पाहिलं.

अप्पा पूर्वी भांड्यांच्या गल्लीत पितळी समया आणि घागरी उजळायचा. घरोघर स्टील आलं तसा तो मशीन घेऊन स्टेशनच्या रस्त्यावर, लिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला आणि मोटारसायकली उजळू लागला. कामाला वाकण्याआधी त्याचा एक विधीच असे. अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, पट्टा काढून खुंटीला लावायचा, गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत घेऊन शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायची. टाकीला काही घासता कामा नये. गिऱ्हाइकालाही सूट नव्हती. माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणायचा, "पेन बाजूला ठेवा. गुर्जीच्या पेनानं लई नुकसान होतंय."

मशीन चालवताना तो मधेच थांबायचा आणि हाताची पालथी बाजू टाकीला लावायचा, लेकराचा ताप बघावा तशी. जास्त तापला की रंग जळतो. कडांना चिकटपट्टी लावायचा, कारण तिथे थर पातळ. तेवढा भाग हातानेच करायचा. प्रत्येक रेघेवरून आधी नख फिरवायचा. "नखाला लागली ती रेघ ऱ्हाऊ द्यायची," तो म्हणे. "तिला काढाया गेलं की रंगच जातोय." कुणी हट्ट धरला, तर गाडीची किल्ली परत द्यायचा.

शेडवरच्या पाटीवर त्याने पत्ता लिहून घेतला होता, 'जि. उदगीर'. आमचा जिल्हा तेव्हाही लातूर होता, आजही लातूरच आहे. पण नव्या जिल्ह्याची हूल दरवर्षी उठायची आणि अप्पाचा तिच्यावर भरवसा होता. पाटीवरून मी चेष्टा केली तर म्हणायचा, "आज ना उद्या होतंय. परत पेंटर कोण बोलवंल?" जिल्हा झाला की साहेबलोक येणार, त्यांच्या गाड्या येणार. मग शेडला फरशी होणार. मोकळ्या कोपऱ्याकडे बोट करून तो सांगायचा, "हितं नळ."

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमच्याकडे दिवसाआड टँकर. बाकीचे पालिशवाले रॉकेलच्या फडक्याने धूळ पुसून मशीन फिरवू लागले. अप्पाने मात्र मशीन बायकोच्या, गंगाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. धुळीवर मशीन फिरवणं म्हणजे रंगावर वाळू घासणं, हे त्याचं म्हणणं. महिनाभर तो शेडमध्ये नुसता बसून होता. मलाही म्हणाला, "दोन तांबे पाणी मिळालं तर करतो. न्हाईतर न्हाई."

शनिवारी बायको बहिणीकडे गेली. मी घरच्या पिंपातून पाण्याचा कॅन भरला, पोत्याखाली झाकला आणि अप्पाकडे नेला. "बोअरचं आहे," म्हणालो.

अप्पाने बोट बुडवून जिभेला लावलं. खाऱ्या पाण्याचे काळ्या रंगावर पांढरे डाग पडतात, म्हणून पाणी चाखायची त्याला सवयच होती. "हे तर गोड हाय, गुर्जी. घरात इचारलं का?"

"विचारलं," मी म्हणालो. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास मीच घेत होतो.

त्याने मोजून दोन तांबे वापरले आणि कॅन झाकून ठेवला. नेमक्या त्याच वेळी टँकरवरून बायका परत आल्या. टँकर अर्ध्यातच संपला होता, बहुतेकींच्या घागरी रिकाम्या. गाडीखालची ओली माती त्यांना रस्त्यावरूनच दिसली.

"लेकरं तहानलेली आन् हितं गाड्यांच्या आंघोळी चालल्या," एक म्हणाली. दुसरीने विचारलं, "कुणाचं पाणी हाय हे?"

अप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून अंगठ्याने टायरची हवा तपासत होतो. टायरमध्ये हवा भरपूर होती.

"माझ्या घरचं हाय," अप्पा म्हणाला.

बायकांच्या मागे गंगाबाई उभी होती. घरात किती पाणी आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने रिकामी घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि चालू लागली.

अप्पाने काम पुरं केलं. टाकीत माझा चेहरा स्वच्छ दिसू लागला; मी फार वेळ पाहिला नाही. मी काहीतरी पुटपुटलो, तर तो म्हणाला, "काळ्या रंगावर सगळं दिसतंय, गुर्जी. म्हणून तर लोक भितात." रस्त्यावरून कॅन परत न्यायचं धाडस नव्हतं; तो तिथेच ठेवून मी गाडी घेऊन निघालो. सोमवारी मेव्हणा आला आणि गाडी बघून म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखी गाडी कुणी जपली न्हाई." मी ते कौतुक घेतलंसुद्धा.

तिकडे टँकरवर गंगाबाईची घागर दर वेळी मागे सारली जाऊ लागली. पालिशला पाणी असणाऱ्यांना प्यायला कशाला, असं तिला ऐकवत. मला हे सगळं कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू, करत मी दहा दिवस काढले.

अकराव्या दिवशी दुपारी शाळेतून निकालाचं काम आटोपून आलो, तर उंबऱ्यात आमचा कॅन होता. तोंडाला फडकं बांधलेलं, दोन तांबे कमी. बायको शेजारी बसली होती. गंगाबाई सकाळीच देऊन गेली म्हणाली. हैदराबादला लेकीकडे चालले होते दोघं, कायमचे. "तुमचं पाणी हाय," एवढंच तिला सांगून गेली. बाकीचं बायकोने मला विचारलं आणि पहिल्यांदा मी खरं सांगितलं.

तसाच उठून शेडवर गेलो. कुलूप होतं. 'जि. उदगीर'ची पाटी तेवढी जागेवर होती. फटीतून आत पाहिलं. नळाचा कोपरा झाडून ठेवला होता.

परत आलो तेव्हा बायको कॅनमधलं पाणी पिंपात ओतत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "'पाणी माझं हाय' एवढं म्हणायला तुम्हाला काय टँकर लागणार होता का?"