एक्याऐंशी नंबर गैरहजर

हजेरीमामांचा आवाज काढायला मला तीन महिने लागले. एरवी मी आवाज लवकर उचलतो. आमच्या हेडमास्तरांचा तर एका दिवसात उचलला होता, खोकल्यासकट. पण मामांचा आवाज पोटातनं निघायचा, नाकात वळायचा आणि शेवटी असा वर चढायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण काहीतरी केलंय. "सत्तरऽऽ?" म्हटलं की सत्तर नंबर आधी उभा राहायचा आणि मग काय केलं ते आठवायचा.

मामा आमच्या कृषी विद्यालयाचे शिपाई. धाराशिवहून तेरला जाताना डाव्या हाताला ते विद्यालय होतं. मास्तर एसटीनं यायचे आणि एसटी तिच्या मर्जीनं यायची, म्हणून पहिल्या तासाची हजेरी मामा घ्यायचे. पुढं मास्तरांनी मोटरसायकली घेतल्या, तरी हजेरी मामांकडंच राहिली. कुणी मागायची हिंमत केली न्हाय.

तिथं एक रीत होती. आल्या वर्षी प्रत्येकानं आवारात एक झाड लावायचं. जगलं की मामा त्याच्या बुंध्याला चुन्यानं नंबर घालायचे आणि पोराला जन्मभर त्याच नंबरानं हाक मारायचे. लोकांनी चिंचा लावल्या, करंज लावले, लिंब लावले. मी शेवगा लावला, कारण फांदी खोवली की काम संपतं. तोही तिरका उगवला. नंबर पडला एक्याऐंशी. आमची बॅच शेवटची, त्यामुळं तो नंबरही शेवटचा.

वर्गात मी दांडी मारणाऱ्या पोरांची हजेरी लावायचो, वेगवेगळ्या आवाजात. मामा मान वर न करता म्हणायचे, "तामलवाडीच्या पोराला सर्दी झालीया का तुझ्या नाकाला?" आणि काट मारायचे. मला पकडलं न्हाय असं एकदाही झालं न्हाय.

पण तपासणीवाले साहेब आले, की मामा मला पहिल्या बाकावर बसवून माझीच गैरहजेरी मांडायचे. मी एकदा भांडलो. "मामा, मी समोर बसलोय की."

"म्हणून तर. सगळी हजर दाखवली की साहेब मोजाय लागतंय. एखादा गैरहजर असला की त्याला पटतं आन् ते चहा पितंय."

"मग मीच का?"

"तू असून नसल्यासारखाच हायस."

पुढं पोरं येईनाशी झाली आणि विद्यालय बंद पडलं. मास्तर बदलून गेले, मामा रिटायर झाले. पण खोली आवारातच, म्हणून सकाळी बादली घेऊन ते झाडांची हजेरी घ्यायचे. वाळकी फांदी दिसली की "तेवीस, तब्येत बघ जरा" म्हणायचे. माझ्या झाडापाशी काही बोलायचे न्हाय, शेंगा तोडायचे. आठवड्यातनं दोनदा माझ्या शेवग्याची आमटी खायचे आणि मी भेटलो की सांगायचे, "तुझ्यापरीस झाड कामाचं हाय."

मग ती जागा विद्यापीठानं घेतली. व्हरांड्यात नकाशा लागला, लोकांना बोलावलं. इंजिनियर साहेबांनी तासभर समजावलं. मामांनी ते मला एका दमात सांगितलं, "खाली दुकानं, वर हापिसं, मागं फ्लॅट. शिक्षण कुठं घालायचं ते अजून ठरायचंय." झाडांच्या जागी नकाशात करड्या रंगाची पार्किंग होती.

मामा उभे राहिले. "साहेब, गाड्या उन्हात लावणार का?"

लोक हसले. साहेब वैतागले, पण वर्तमानपत्रवाला बसलेला. म्हणाले, "ठीक आहे. मोजणीच्या दिवशी ज्यानं झाड लावलं तो स्वतः त्या झाडापाशी उभा राहिला, तर ते झाड ठेवू. जो येणार नाही, त्याचं जाईल."

कोण कशाला येतंय, असा त्यांचा हिशोब. मामांनी माझा फोन घेतला तो महिनाभर परत दिला न्हाय. नाव सांगायचे न्हाय, रामराम न्हाय. "बत्तीस? तुझं झाड पाडाय निघालेत. ये." कट. परंड्यात किराणा दुकान चालवणारा बत्तीस नंबर मला नंतर म्हणाला, "फोन आला अन् मी दुकानात उभाच राहिलो बघ."

मोजणीला चाळीसेक जण आले. तामलवाडीचा तर ट्रॅक्टरमधनं बायकापोरांसकट आला, डबा घेऊन. उरलेले कुणी पुण्यात, कुणी आखातात. तेवढी झाडं जाणार होती. मामांनी वही उघडली, डोळ्यांपाशी धरली आणि परत लांब नेली. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

ऊन कडक होतं. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, मामा पायरीवर. झाडं इमारतीच्या पलीकडंपर्यंत पसरलेली. साहेबांना ऐकू यायचं, दिसायचं न्हाय.

"चारऽऽ?"

चार नंबर आलेला नव्हता. मी चिंचेमागनं घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हजर."

मामांची मान वर झाली. एवढ्या वर्षांत ज्या माणसानं एक खोटी हजेरी पचवली न्हाय, तो काय करील याचा मला भरवसा नव्हता. पेन्सिल बराच वेळ वर राहिली.

"चार, हजर," मामा म्हणाले.

मग मी पळत सुटलो. बाराव्या झाडामागं जाड झालो, अठराव्यामागं उमरग्याकडचा कानडी हेल लावला, एकविसाव्यामागं बाई झालो. तेवीसला भारदस्त आवाज दिला, तर मामा पुन्हा थांबले. मग हळू म्हणाले, "तेवीस, हजर."

ऐंशी झाडं झाली. मी शेवग्यापाशी येऊन वाकलो, घसा बसलेला.

"एक्याऐंशीऽऽ?"

"हजर," मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या आवाजात, जेमतेम पायरीपर्यंत पोचेल एवढ्या.

मामांनी वही मिटली. "गैरहजर."

साहेबांनी इतका वेळ शंकेनं वाकडी केलेली मान सरळ केली, कागदावर सही केली आणि चहा मागवला.

मी खोलीवर जाऊन मामांना धरलं. "माझंच झाड दिसलं?"

"साहेबांपुढची रीत तुला म्हाईत हाय," ते म्हणाले. मग चुलीकडं तोंड करून, "आमटीबी गेलीच की माझी."

थोड्या वेळानं म्हणाले, "तेवीस नंबर मरून तीन वर्षं झाली. त्याचा आवाज असा न्हवता, बारीक होता." चुलीत एक काटकी सारली. "पर एवढ्या दिवसात बदललाबी असंल."

विद्यापीठाचं संकुल उठलं तसे मामा लेकीकडं गेले, आणि मागच्या वर्षी तिथंच वारले. दुकानं ऐंशी झाडांना वळसा घालून उभी आहेत. शेवग्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. ते मीच चालवतो.

सकाळी शटर उघडायच्या आधी मी एक ते ऐंशी हजेरी घेतो, मामांच्या आवाजात. फ्लॅटमधली माणसं गॅलरीत येऊन बघतात. झाडणारी मावशी झाडू थांबवून म्हणते, "झाली का सगळी?"

"एक सोडून," मी म्हणतो, आणि शटर वर सारतो.