डाव्या दाराची पट्टी

हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर लाल रंगाची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा वहिनीने पहिला प्रश्न केला, "आणि आम्ही कुठे बसायचं? डिकीत?"

गाडी आधी त्यांच्याच हॉस्पिटलातल्या एका सर्जनची होती. पार्किंगमधून येता-जाता ताई तिच्याकडे बघत आणि मनातल्या मनात तिच्यात बसून कुठेकुठे फिरून येत. सर्जन परदेशी निघाले आणि गाडी ताईंकडे आली. इंजिन ठणठणीत होतं. रया गेली होती ती बाहेरच्या काळ्या पट्ट्यांची. काचेखालचं रबर उन्हाने पांढुरकं पडून भेगाळलं होतं. डाव्या दारावर तर पट्टीचं टोक सुटलं होतं. गाडीने वेग घेतला की ते पत्र्यावर फडफडायचं आणि ताईंचं डोकं उठायचं.

"त्याला गॅरेजवाला कशाला?" दादा म्हणाला. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. कुणाचा नळ असो, पंखा असो की कुणाचं जमणारं लग्न, हात घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "दहा मिनिटांचं काम. दोन्हीकडच्या नकोत, उजवी अजून चालेल. डावी मी मागवतो, बसवतोही मीच. तू फक्त चहा कर."

पट्टी यायला महिना गेला. रविवारी सकाळी दादा स्क्रू ड्रायव्हर परजत हजर झाला.

"लोखंडी हत्यार नको रे, रंगाला लागेल. प्लास्टिकची पाचर घाल."

"मला शिकवू नकोस गं!"

त्याने रबराखाली टोक सरकवून उचकटलं. कट! आतली क्लिप तुटली. "जुनीच होती," दादा म्हणाला. कट! "ही पण." तिसऱ्यांदा हात निसटला आणि लाल रंगावर बोटभर ओरखडा उमटला. दिवसभर लोकांना 'श्वास रोखून धरा' सांगणाऱ्या ताईंचा स्वतःचाच श्वास अडकला.

मग खोक्यातून नवी पट्टी निघाली. ती काही केल्या बसेना. निमुळतं टोक हवं तिथे रुंद टोक येत होतं. दादाने दाबली, वाकवली, वरून बुक्क्या मारल्या. शेवटी ताईंनी खोका उचलून वाचला. त्यावर स्वच्छ छापलं होतं, उजवं दार.

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"मॅडम, मी दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, गाडीसमोरच उभा आहे, दिसतंय मला कुठलं दार ते."

"दादा, तू समोर उभा राहून डावं-उजवं ठरवलंस? अरे, समोर माणूस उभा असला तर त्याचा डावा हात कुठला?"

"गाडी काय माणूस आहे? त्याने नीट विचारायला नको?"

"बरं, डावी आहे का तुमच्याकडे?" ताईंनी फोनवर विचारलं.

"शेवटची होती, गेल्याच आठवड्यात गेली. आता कंपनी बनवतच नाही."

ताईंना रडावं की ओरडावं कळेना. दादा तेवढ्यात म्हणाला, "थोडा गम लावून—"

"दादा, तू घरी जा."

"अगं पण—"

"जा म्हणते ना!"

तो पुटपुटत गेला. चहा गार झाला होता, तो तसाच सिंकमध्ये ओतून ताई कामाला लागल्या. आलीच आहे म्हणून नवी पट्टी त्यांनी पाचर वापरून उजव्या दाराला बसवली. ती बसली झकास, पण त्यामुळे डावं दार आणखीच भिकार दिसायला लागलं. डाव्या दाराची, काढताना पिळवटलेली जुनी पट्टी त्यांनी गरम पाण्यात बुडवून सरळ केली, पॉलिश पेपरने घासली, तिच्यावर काळ्या रंगाचा फवारा मारला. पुढच्या रविवारी नव्या क्लिपा घालून ती जागेवर दाबली. टोक उचललंच. शेवटी, मनाविरुद्ध, तिथे गमच लावावा लागला.

आता पट्टी फडफडत नाही, पण रस्ता मोकळा मिळाला की बारीक शीळ घालते. लांबून बघणाऱ्याला कळत नाही. ताईंना कळतं. हॉस्पिटलात त्या गाडी डावी बाजू भिंतीला खेटून लावतात.

परवा दादा आला, गाडीभोवती फिरला. "बघ, शेवटी गमच लागला ना?" म्हणाला आणि ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "याला रंगाचा एक हात मारला की झालं. ब्रश आहे माझ्याकडे."

ताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढून घेतली.