पाच ओहमची चिठ्ठी

शिवांजलीविषयी माझ्यापेक्षा कुणी शिकलेल्या माणसानं लिहायला हवं होतं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. टेबलं पुसायची, उपकरणं मांडायची, एवढंच माझं काम. मुलं मला मामा म्हणत.

ती लिंबागणेशहून एसटीनं यायची. वडील शिवशरणअप्पा किराणा दुकान चालवत. बारावीची बाकी मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवत आणि सर सही करत. रीतच पडली होती. शिवांजली मात्र खरोखर तारा जोडायची.

एका कॉइलचा रोध मोजायचा होता. कॉइलवर चिठ्ठी पाच ओहमची. तिचं उत्तर आलं चार पूर्णांक दोन. तीन दिवस तेच.

"पाच लिही अन् मोकळी हो," सर म्हणाले.

"गणपतीला नवस बोल गं," तिची मैत्रीण सायली हसली, "मग येतेत बघ पाच."

चौथ्या दिवशी शिवांजली हातात अर्ज घेऊन आली.

"मामा, मी सायन्स सोडते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्स करते. समद्यांचं बरोबर येतंय, माझंच न्हाई. मला हे जमायचं न्हाई."

"अगं, पाच लिहून टाक की."

"कसं लिहू? आमच्या दुकानातल्या वजनांवर अप्पा सरकारी शिक्का मारून आणतेत. तवा ती वजनं खरी. ह्या कॉइलवर शिक्का कुनी मारला?"

मी मारला होता. अकरा वर्षांपूर्वी ती कॉइल माझ्या हातून पडली, तार तुटली. नोकरी जाईल या भीतीनं मी उरलेली तार गुंडाळली. ती थोडी कमी पडली. वर जुनीच चिठ्ठी चिकटवली. कुणीतरी पकडेल असं वाटत होतं. कुणी पकडलं नाही, कारण कुणी मोजलंच नाही.

तिला सगळं सांगितलं. मग तिला घेऊन सरांकडे गेलो आणि खाली बघत तेच पुन्हा सांगितलं. सरांनी तिचं जर्नल ओढलं आणि चार पूर्णांक दोनखाली सही केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिनं अर्ज घडी करून दप्तरात ठेवला. "मामा, परत एकदा मांडा," म्हणाली. उत्तर पुन्हा चार पूर्णांक दोनच आलं. मी जुनी चिठ्ठी नखानं खरवडली, नवीवर तिनं आकडा लिहिला.

मग हळूच विचारलं, "अकरा वर्षं का म्हून न्हाई बोललात, मामा?"

आता ती अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. सुटीत भेटायला येते, चहा घेते, कॉलेजचं सांगते. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.